करवंदाला खत कोण घालतं? मावळातल्या राबापासून कचरा डेपोपर्यंत

मंडळी, या उन्हाळ्यात तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "दादा, प्लॉटवर ब्लॅकबेरी लावायचीय, सेंद्रिय खत कुठलं घालू?" विचारणारे सगळे मुंबई-पुण्याचे, मावळात जागा घेतलेले. मी काही कृषी अधिकारी नाही, बातमीदार माणूस. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण त्यात आपल्या तालुक्याचा दीड-दोनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आज तोच लिहितो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ब्लॅकबेरी म्हणजे काय ते बघू. मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या डबीत मिळते ती खरी ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली. काटेरी फांद्या, थंडीची आवड. तिची चुलत भावंडं आपल्या सह्याद्रीत उंचावर रानटी वाढतात आणि रासबेरी तर महाबळेश्वरला पिकतेच. पण लोणावळ्याच्या बाजारात "इंडियन ब्लॅकबेरी" म्हटलं तर समोर येतं ते जांभूळ. इंग्रजीत जांभळाला हेच नाव चालतं. आणि डोंगरावर जे काळं, गोड-आंबट, चिकाचं फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं ती आपली करवंदं. डोंगरची काळी मैना. करवंद कण्हेरीच्या कुळातलं, म्हणून तोडलं की पांढरा चीक येतो आणि ओठ चिकटतात. तीन फळं, तीन वेगळी कुळं, रंग तेवढा एक.

मावळात काळं फळ म्हणजे करवंद आणि जांभूळ. वडगावच्या पुढे कान्हे फाट्याजवळ जांभूळ नावाचं गावच आहे. या झाडांना खत कुणी घातलं? कुणीच नाही. मग ती इतकी वर्षं फळली कशावर? इथून खरी गोष्ट सुरू होते.

आंदर मावळ असो, नाणे मावळ असो की पवन मावळ, पीक एकच, भात. आणि भाताचं खत म्हणजे राब. नव्या पोरांनी हा शब्द ऐकला असेल पण राब भाजताना पाहिला नसेल. भाताची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, वरून मातीचा पातळ थर. वारा नसेल तेव्हा, वाऱ्याच्या उलट्या टोकाकडून पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, हळूहळू धुमसते. पाऊस यायच्या आत ही भाजणी उरकायची. पहिल्या सरींबरोबर त्या राखेत बी पडायचं.

यामागे अडाणीपणा होता असं बरेच साहेब म्हणायचे. पण हिशोब साधा होता. राखेतून पालाश आणि स्फुरद मिळायचं, तणाचं बी जळून जायचं आणि भाजलेली माती भुसभुशीत झाल्यामुळे रोप उपटताना मुळं तुटत नसत. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. असल्या पावसात माती धुऊन जाते, तिच्यात सत्त्व टिकत नाही. सगळ्या शिवाराला पुरेल इतकं खत गरीब कुळाकडे कुठून येणार? म्हणून त्याने आपलं सगळं खत एका लहान तुकड्यावर, रोपावर खर्च केलं. रोप दणकट झालं की खाचरात ते आपलं बघून घेतं.

मात्र राबाला डोंगर लागतो. एका तुकड्यासाठी त्याच्या कितीतरी पट जंगलाचा टहाळ लागायचा. ऐनासारखी झाडं दरवर्षी सवळली जायची. लोकसंख्या थोडी होती, जंगल मोठं होतं, तोवर हे चाललं. मग दोन गोष्टी जवळपास एकदमच आल्या. एक, आगगाडी. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाट पूर्ण झाला. रेल्वेला स्लीपरला लाकूड हवं, जळणाला लाकूड हवं. दुसरी, १८७८ चा जंगल कायदा. डोंगर राखीव झाले, फॉरेस्टचा गार्ड आला, आणि कालपर्यंत आपला असलेला टहाळ चोरीचा माल ठरला.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात या जंगल खात्यावर त्यांचा जो राग आहे तो बरेच जण वाचतात आणि पुढे जातात. पण त्यात शेतीचा एक बारीक विचार आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचं शेण-मूत कुजून पावसाबरोबर खाली शेतात यायचं, आणि हे खत कुणी विकत न घेता जमिनीला मिळायचं, हे फुल्यांनी नेमकं पकडलं होतं. गुरचरण गेलं की नुसता चारा जात नाही, खतही जातं. आज आपण ज्याला 'सेंद्रिय चक्र' वगैरे म्हणतो ते त्यांनी असं साध्या शब्दांत मांडलं होतं, आणि तेही सरकारला जाब विचारताना. माझ्या मते मराठीतलं खतावरचं सगळ्यात महत्त्वाचं लिखाण तेच. कृषी महाविद्यालयात ते शिकवलं जावं.

ठाणे आणि कुलाब्याकडे राबाच्या टहाळावरून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. म्हणजे बघा, खत हा तेव्हा थेट राजकारणाचा विषय होता. पुढे १८८९ च्या शेवटी इंग्लंडहून व्होल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती बघायला आले. त्यांचा अहवाल १८९३ चा. इथल्या शेतकऱ्याला अडाणी समजू नका, तो जे करतो त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं, असं त्यांचं एकंदर मत. आणि त्यांनी एक कळीची गोष्ट सांगितली. शेतकरी शेण जाळतो ते हौसेने नाही, जळणाला लाकूड मिळत नाही म्हणून. गावाजवळ जळणाची आणि चाऱ्याची राखीव जंगलं वाढवा, म्हणजे शेण चुलीत जायचं थांबेल आणि शेतात जाईल. सव्वाशे वर्षांनी उज्ज्वला गॅसची जाहिरात बघताना मला हे आठवतं. गॅस आला, पण तोवर गोठेच रिकामे झाले होते.

आता जरा घाणीचा इतिहास. नाक मुरडू नका, सेंद्रिय खत म्हणजे शेवटी तेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुणे नगरपालिका शहराचा मैला राख आणि केराबरोबर वाळवून सोनखत बनवायची. खडकवासल्याचं धरण झालं, मुठा कालव्याचं पाणी हडपसर-मुंढव्याकडे गेलं आणि ऊस आला. उसाला खत भरपूर लागतं. आधी सोनखताला हात न लावणारे बागायतदार पुढे त्यासाठी गाड्या घेऊन येऊ लागले. शहराने खाल्लेलं धान्य अशा रीतीने परत रानात जात होतं.

ऐकायला छान वाटतं. पण तो मैला डोक्यावरून वाहणारी माणसं कोण होती? ठरावीक जातीचीच. उसाचा पैसा बागायतदाराला, खताचा पैसा नगरपालिकेला, आणि टोपली कुणाच्या डोक्यावर ते जन्मानेच ठरलेलं. "आपली जुनी सेंद्रिय शेती किती थोर होती" असं स्टेटस टाकणाऱ्यांनी हे पान फाडू नये. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीवर बर्वे समिती नेमली. हाताने मैला उचलण्यावर बंदीचा कायदा यायला १९९३ उजाडलं, आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ ला दुसरा करावा लागला.

या बाबतीत एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, अप्पासाहेब पटवर्धन. कोकणचे गांधी म्हणतात त्यांना. कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी असा संडास बनवला की मैला खड्ड्यातच कुजावा, त्याचं खत व्हावं आणि कुणाला टोपली उचलावी लागू नये. स्वतः सफाईचं काम त्यांनी केलं होतं, म्हणून त्यांना नेमकी अडचण माहीत होती. खताचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकाच खड्ड्यात सोडवायचा प्रयत्न करणारा असा माणूस मला दुसरा माहीत नाही.

जगभर जी 'ऑरगॅनिक' चळवळ म्हणतात तिचं एक मूळ आपल्या मराठी संस्थानात आहे, हेही सांगतो. होळकरांच्या इंदूरमध्ये १९२४ साली वनस्पती उद्योगाची संशोधन संस्था उभी राहिली. तिथे आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ काम करत. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, ओल राखून, मधून मधून उलटून साधारण तीन महिन्यांत खत तयार करायची पद्धत तिथे बसवली गेली. तीच 'इंदूर पद्धत'. १९३१ च्या पुस्तकावर दोन नावं आहेत, हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्ड जगप्रसिद्ध झाले. वाड कुणाच्या लक्षात नाहीत. गांधीजींनी 'हरिजन'मधून ही पद्धत लोकांपर्यंत नेली. पुढे हॉवर्डच्या लिखाणावरूनच इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय शेतीचा बोलबाला झाला, आणि तिथून फिरून तो आता महागड्या पिशवीत आपल्याकडे परत आला आहे.

यवतमाळच्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी याच धाग्यावर नाडेप टाकं काढलं. नावातल्या आद्याक्षरांवरून नाडेप. साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली. थोड्या शेणात जास्त पाचोळा कुजवायचा हा त्यातला मुख्य फायदा. ग्रामपंचायतीच्या योजनेत ही टाकी गावोगाव बांधली गेली. कित्येक ठिकाणी आज त्यात कोंबड्या अंडी घालतात, तो भाग वेगळा.

मग साठच्या दशकात ट्रॉम्बेचा कारखाना सुरू झाला आणि घाटाखालून सुफलाची पोती वर चढली. त्याला नावं ठेवणं आज फॅशन आहे. पण ज्या घरात वर्षातले चार महिने तांदूळ पुरत नव्हता त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, युरियाने काय दिलं ते. आंबेमोहोराला खत जास्त झालं की तो लोळायचा. म्हणून आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर करून इंद्रायणी आला, १९८७ साली. आज मावळची ओळख म्हणजे इंद्रायणी तांदूळ, आणि त्याच्या रक्तात अर्धा फिलिपाइन्सचा ठेंगणा भात आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

याच वाटेवर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे चारसूत्री भात लागवड. डॉ. सावंत यांनी मांडलेली. पहिलं सूत्र, भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची. दुसरं, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडायचा. तिसरं, पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अंतरावर नियंत्रित लावणी. चौथं, चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोचायची. नीट बघा, पहिली दोन सूत्रं म्हणजे राबच आहे! राख आहे, टहाळ आहे. फक्त राख गिरणीच्या तुसाची आहे आणि टहाळ बांधावर मुद्दाम लावलेल्या झाडाचा आहे. डोंगराला हात लावायची गरज नाही. आणि त्यात युरियाही आहे, सोवळं-ओवळं नाही. शेतकऱ्याचा शहाणपणा असाच असतो.

आता परत करवंदाकडे.

राबाचा टहाळ थांबला, सरपण तोडणं कमी झालं. मग डोंगरावर पाचोळा साचायला हवा, माती सुधारायला हवी, करवंदाच्या जाळ्या वाढायला हव्यात. काही ठिकाणी तसं झालंही. करवंदाची जाळी म्हणजे आपल्या आपण चालणारा खतखड्डाच असतो. वाऱ्याने उडालेला पाला तिच्यात अडकतो, काट्यांमुळे तिथे गुरं तोंड घालत नाहीत, बुलबुलांची विष्ठा पडते, सावलीत ओल राहते. जाळीखालची माती हातात घेऊन बघा, बाजूच्या मुरमापेक्षा ती काळी आणि हलकी असते. त्याच जाळीत जांभळाचं, आपट्याचं बी रुजतं आणि काट्यांच्या आडोशाला मोठं होतं.

पण वणवा. फेब्रुवारी ते एप्रिल लोहगड-विसापूरच्या अंगाला, आंदर मावळात, राजमाचीकडे रात्री डोंगर पेटलेले दिसतात. काही आगी सिगारेटच्या, काही मुद्दाम लावलेल्या. "जाळलं की गवत चांगलं येतं, राखेचं खत होतं" हे अजून ऐकू येतं. ही राबाची अर्धवट आठवण आहे. राब सपाट वाफ्यात, मातीखाली, वारा बघून भाजायचे. डोंगरउतारावरची राख पहिल्या वळवात ओढ्याला लागते आणि पवनेत नाहीतर इंद्रायणीत जाते. खत होत नाही, साचलेलं खत तेवढं जळून जातं. आणि नेमका तोच काळ करवंदाच्या फुलाचा असतो. त्या साली त्या जाळीला फळ नाही.

याची किंमत कोण मोजतं? जुन्या हायवेला, लोणावळा-खंडाळ्याच्या वळणांवर, पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसणाऱ्या कातकरी आणि ठाकर बायका. पहाटे डोंगर चढायचा, काट्यात हात घालायचे, दुपारपर्यंत माल विकायचा, कारण करवंद दुसऱ्या दिवशी रया गेलेलं असतं. वन हक्क कायदा २००६ चा. त्यानुसार गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क या लोकांचा आहे. कागदावर. पण डोंगराच्या पायथ्याला प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली, वर जायच्या पायवाटा बंद झाल्या. करवंदाची जाळी तोडून तिथे लॉन केलं जातं, आणि मग तोच मालक मला विचारतो, ब्लॅकबेरीला खत कुठलं घालू.

बरं, उत्तर देतोच. जांभूळ लावा. लावताना खड्ड्यात दहा-पंधरा किलो चांगलं कुजलेलं शेणखत घाला. पूर्ण वाढलेल्या झाडाला शिफारस वर्षाला साधारण ७५ किलो शेणखताची आहे. पण जमीन कसदार असेल तर हात आखडता घ्या. जांभळाला खत-पाणी जास्त झालं की ते नुसतं पानाला लागतं, फळ लांबतं. फुलोऱ्याआधी पाण्याचा ताणही द्यावा लागतो. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथली झाडं आणि त्यांचा भाव एकदा बघून या. आणि बांधावरची करवंदाची जाळी असेल तर तिला काहीच घालू नका. गळलेला पाला झाडून पेटवू नका, एवढं तिला पुरतं.

'सेंद्रिय' या शब्दाचंही ऐका. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे पॅकवर सेंद्रिय लिहायचं तर प्रमाणपत्र लागतं. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल, तर त्यातून सूट आहे. रानातून गोळा केलेल्या मालालाही सेंद्रिय प्रमाणपत्राची वेगळी सोय आहे. म्हणजे आपल्या करवंदवाल्या बायकांचा गट झाला, त्यांची रानं ठरली, तर त्यांच्या द्रोणावर हा शब्द कायद्याने येऊ शकतो. मावळात यासाठी कुणी अर्ज भरून घ्यायला पुढे आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि शेवटी आपला कचरा. लोणावळा नगरपालिका १८७७ ची, तेव्हा गाव म्हणजे रेल्वेची वसाहत. आज शनिवार-रविवारी हॉटेलांतून जे ओलं अन्न बाहेर पडतं ते वरसोलीच्या डेपोवर जातं. हे धान्य, ही भाजी बाहेरून आलेली, सत्त्व दुसऱ्या कुणाच्या जमिनीचं, उरतं आपल्या दारात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा देणं सक्तीचं केलं. शहरी कंपोस्टसाठी राज्य सरकारने 'हरित महासिटी कंपोस्ट' नावाचा ब्रँडही काढला आहे. शेतकऱ्याला मात्र कंपोस्टमध्ये काच आणि कुरकुऱ्याच्या पाकिटाचे तुकडे सापडले की तो दुसऱ्यांदा घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पुण्याच्या जुन्या सोनखतात प्लॅस्टिक नव्हतं. डेपोवरचं खत कुणी तपासलं, त्यात काय निघालं, किती टन कुठल्या गावाला गेलं, हे आकडे दर तिमाहीला नगरपरिषदेच्या फलकावर लागावेत. आपल्या नगरसेवकाला हे विचारा, मीही विचारणार आहे.

तुमच्या गावात राब भाजायची जागा कुठे होती, टहाळ कुठल्या डोंगराचा यायचा, करवंदाच्या मोठ्या जाळ्या अजून कुठे शिल्लक आहेत, हे खाली लिहा. घरातल्या जुन्या माणसांना विचारून लिहिलंत तर फार बरं. पुढच्या वणव्याच्या मोसमाआधी त्या जागांची एक यादी करून वनखात्याकडे द्यायचा विचार आहे, म्हणजे जाळरेषा काढताना त्या धरल्या जातील.